सातांतला एक

चौथ्या कैद्याच्या दाढीवरून तेगवारेदची बोटं फिरली आणि पुढे सरकली. हा कुणी मेंढपाळ असावा, अंगाला लोकरीचा तेलकट वास होता.

"आटप लवकर, साधूबाबा," इंग्रज सरदार कुरकुरला. "राजा ओळखायला आंधळा आणावा लागला. लोक हसतील मला."

"डोळसांना विचारून झालं असेल ना?" तेगवारेद म्हणाला.

झालं होतं. पण वेल्सच्या त्या अख्ख्या खोऱ्यात एकही माणूस बोट दाखवायला तयार नव्हता. राजा एनियॉनचा किल्ला पडला होता, सैन्य पांगलं होतं. गुहेत सापडलेल्या या सात जणांत तो आहे, एवढं सरदाराला पक्कं ठाऊक होतं. पण सातही जण सारख्याच फाटक्या घोंगड्यांत. मग कुणाला तरी मठातला तेगवारेद आठवला, राजाचा सख्खा धाकटा भाऊ. गादीला वाटेकरी नको म्हणून अठरा वर्षांपूर्वी एनियॉननं त्याचे डोळे काढवले होते. हा कशाला लपवील?

तेगवारेदला मात्र सूडापेक्षा कुतूहलच जास्त होतं. एनियॉन आता दिसत कसा असेल?

पाचवा. कपाळ रुंद, थेट वडिलांचं. नाक मोडून वाकडं बसलेलं. लहानपणी काठ्या खेळताना तेगवारेदनंच ते मोडलं होतं. गाल पार आत गेले होते. मनात इतकी वर्षं राहिलेला एनियॉन तरणाबांड होता, मगरूर होता. बोटांखालचा हा म्हातारा लटलट कापत होता.

तेगवारेद सहाव्याकडे वळला. मग सातव्याकडे.

"यांच्यात तो नाही."

"अरे, डोळे काढले त्यानं तुझे!"

"म्हणून तर हात नीट फिरवले."

सरदार शिपायांकडे वळला. "बरं. मग सातही लटकवा. त्यात तो आलाच."

हे तेगवारेदच्या ध्यानीमनी नव्हतं. पण आता एनियॉन बोलेल, असं त्याला वाटलं. काय बोलेल, कसा बोलेल? जिवाचा कान करून तो उभा राहिला.

"थांबा," आवाज आला. "मी एनियॉन. यांना सोडा."

आवाज रांगेतल्या दुसऱ्या कैद्याचा होता. चेहरा चाचपून तेगवारेदला तो ओळखता आला नव्हता, पण हा घोगरा आवाज तो विसरणं शक्य नव्हतं. हा गूगॉन, दोघा भावांना पहिल्यांदा घोड्यावर बसवणारा मोतद्दार. आणि पाचव्याच्या जागी चिडीचूप.

"न्या याला," सरदार म्हणाला. "बाकीच्यांचे दोर कापा."

दोर तुटले. सुटलेली पावलं फाटकाकडे निघाली. त्यात पाचव्याच्या जागेवरून निघालेली जोडी सगळ्यांच्या पुढे, घाईघाईनं. तेगवारेदनं झेप घेऊन तो दंड पकडला.

"गूगॉनला सोडा. एनियॉन हा आहे."

"तेगू," त्या दिवशी एनियॉन पहिल्यांदाच बोलला, "मला वाटलं, तू मला माफ केलंस."

"केलं ना. डोळे माझे होते. हा जीव गूगॉनचा आहे."