काळ्या लामाचं पिल्लू

"तिथं काहीच नाहीये," बाल्दोमेरो साहेब म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी भिंत पुसली.

भर दुपारी खिडक्यांना अंगावरचे लोकरीचे पोंचो टांगून वर्गात अंधार केला होता. पांढऱ्या भिंतीवर संगणकातलं आकाश पडलं होतं. शिक्षण खात्याचे हे साहेब सहा तास अँडीजचा घाट चढून आले होते ते शाळेचा निकाल लावायला. हे नवं सॉफ्टवेअर वापरून बारा मुलांना आकाशातली चित्रं ओळखता आली तर शाळा राहणार, नाहीतर कुलूप. शाळेत मुलं होती अकरा. शाळेच्या शिक्षिका यानेत बाईंनी हे खात्याला तीनदा कळवलं होतं. खात्यानं तीनदा पोच दिली होती. आता बोला.

साहेबांनी नऊ वर्षांच्या फ्लोरमिराला पुढे बोलावलं. ही पोरगी तारे सोडून बोट ठेवते कुठे, तर आकाशगंगेतल्या काळ्या डागांवर. म्हणे ही लामा, आमचं ते लांब मानेचं लोकरवालं जनावर, आणि हे तिचं पिल्लू. बाकीच्या दहा जणांनीही तेच दाखवलं. आमच्याकडे चित्रं ताऱ्यांत नसतात, ताऱ्यांमधल्या काळोखात असतात, हे साहेबांना कोण सांगणार? त्यांना वाटलं, यंत्रच डागाळलंय. रुमालानं डाग जाईनात, तेव्हा त्यांनी संगणकात खटपट करून आकाशगंगाच बंद केली. उरले नुसते तारे.

फ्लोरमिरानं असा गळा काढला की गावचे प्रमुख तेओफिलो शेतातून धावत आले. सगळं ऐकून घेतलं आणि दारात आडवे उभे राहिले. आमच्या गावात ज्याच्या हातून जनावर हरवतं, त्यानं ते शोधून दिल्याशिवाय गाव सोडायचं नाही. साहेब असला तरी.

"अहो, ते जनावर नाही, नुसता काळोख आहे," साहेब काकुळतीला आले.

"आमचं काळंच आहे," तेओफिलो म्हणाले. "शोधा."

साहेबांना घाम फुटला. बटणं दाबून दाबून एकदाची आकाशगंगा परत आली. तेओफिलोंनी लामा नीट बघून घेतली, मान, पाठ, पाय. मग विचारलं, पिल्लू कुठाय? साहेब कधी पुढे वाकून बघत, कधी मागे सरून. कुणी मदत करेना. पोरांनी तर मुद्दाम तोंडं मिटली होती.

"हे काय, आईला पितंय की," साहेब एकदम म्हणाले. आणि स्वतःच त्या काळोखावर बोट ठेवलं.

तेओफिलो दारातून बाजूला झाले. यानेत बाईंनी भीतभीत निकालाचा कागद पुढे केला. साहेबांनी अकरा नावांपुढे 'ओळखता आलं' असं लिहिलं, बराच वेळ पेन चावलं आणि बाराव्या ओळीत लिहिलं: बाल्दोमेरो रिवास, वय चोपन्न, इयत्ता पहिली.