न चिरलेलं पोट

"हात आंधळा आहे तुझा, सूनबाई. नर कुठला, मादी कुठली, एवढंही बोटांना कळत नाही?"

सासूचा, फुसाएचा, तो आवाज किनुएच्या कानात अजून तसाच होता. लग्नाच्या पहिल्या वसंतात तिनं एकटीनं मासे मुरवायचं पिंप लावलं होतं. नव्या वर्षाला झाकण उघडलं, तर भातात मुरलेले फुना मासे बोट लावताच विरघळत होते. पिंपात फक्त गाबोळीभरली मादी जाते. एखादा नर शिरला, तर त्याचा पांढरा चीक सुटतो आणि सगळा थर नासतो. धुण्याच्या दगडावर बायकांनी तिला सोडलं नाही. "रात्री नवरा तरी नीट ओळखतेस ना गं?" किनुए त्यांच्याबरोबर हसली होती.

त्यानंतर पिंप तिच्या हाताला लागलं नाही. तांदूळ धुणं, पिंपं घासणं, झाकणावरचे दगड वाहणं तिच्याकडे आलं. मासा निवडायची ती फुसाएच. ओढा सरोवरात शिरतो त्या तोंडाशी धरलेला मासा ती घरात घ्यायची नाही. वाऱ्यापावसात आपल्या नवऱ्याला सरोवराच्या पार पलीकडच्या काठापर्यंत वल्हवायला लावायची. लोक म्हणत, म्हातारीची खोड आहे.

आता फुसाएची बोटं वाकली होती, डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता. ओसरीवर उशीला टेकून ती नुसती ऐकत होती. अंगणात टबापाशी बसली होती किनुएची सून, चिहो. किनुएला ओलांडून पिंप सुनेकडे चाललं होतं. फुसाएची अट एकच होती. पहिलं पिंप बिनचूक लागलं पाहिजे. मादी म्हणून एक जरी नर निवडला गेला, तर या घरात पुन्हा पिंप बसणार नाही.

काल वारा फार होता. किनुएच्या लेकानं जाळं जवळच, ओढ्याच्या तोंडाशी टाकलं होतं. म्हातारीला कोणी सांगितलं नव्हतं.

चिहो मासा उचले, पोट अंगठ्यानं दाबून बघे, खवले काढी. मग कल्ल्यातून वाकडी तार आत घालून आतडी तेवढी ओढून घेई. गाबोळी आतच राही. पोट चिरायचं नाही. या गावात फुनाचं पोट कोणी चिरत नाही. हात चालता राहावा म्हणून ती गुणगुणत होती:

मिठाची गं मूठ, हळू सोड बाई,
पोटातल्या लेकरांना झोप येई.

गाणं मध्येच थांबलं. तारेला आतड्यांबरोबर पांढरा धागा आला होता.

"आई, ही मादीच होती," चिहो हलक्या आवाजात म्हणाली. "मी नीट दाबून बघितलं होतं."

किनुएनं मासा हातात घेतला. शब्द तिच्या जिभेवर तयारच होते. "हात..." एवढं ती म्हणालीसुद्धा. मग तिला चिहोचे लाल झालेले कान दिसले. तिनं स्वतः पोट दाबलं. अंगठ्याखाली दाणे लागले, अगदी मादीसारखे. तार म्हणत होती नर, अंगठा म्हणत होता मादी. त्या वर्षीही अंगठा हेच म्हणाला होता.

तिनं खवल्याची सुरी घेतली.

"आई, पोट कसं चिरता?"

किनुएनं चिरलं. आत नराचं पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यात केशरी अंडी विखुरलेली होती, पेजेत राळे सांडावेत तशी. दुसरा मासा चिरला. तोही तसाच. तिसरी मात्र साधी मादी निघाली.

"याला काय म्हणायचं? काका की मावशी?" चिहो हसायला गेली, पण हसली नाही. मग ती सावकाश म्हणाली, "शहरात असताना वाचलं होतं मी. साबणातलं, रंगातलं काहीतरी पाण्यात उरतं. डोळ्यांना दिसत नाही. त्यानं नरांच्या पोटात अंडी धरतात. पुढं त्यांना पिल्लं होत नाहीत."

किनुएनं ओढ्याकडे पाहिलं. वरच्या खोऱ्यात कापड धुण्याचा कारखाना होता. ती नवी नवरी होती तेव्हा ओढ्यातून फेस यायचा. पोरं त्याच्या दाढ्या लावून म्हाताऱ्यांचं सोंग घ्यायची. आता फेस येत नव्हता. तळाचे गोटे मोजता येतील इतकं पाणी नितळ होतं.

"आजींना नको सांगूया," चिहो कुजबुजली. "पिंप जाईल हो."

किनुए उठली. चिरलेला मासा तळहातावर घेऊन ओसरीवर गेली.

"सासूबाई, यात बोट घालून बघा."

फुसाएचं वाकडं बोट पोटात शिरलं. चाचपडलं नाही. अंधारात घरातल्या फडताळाकडे हात जावा, तसं नेमकं अंड्यांवर जाऊन थांबलं. हे काय आहे, असं तिनं विचारलंच नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," किनुए म्हणाली.

फुसाएनं बोट कमरेच्या फडक्याला पुसलं. बराच वेळ पुसत राहिली.

"तुझे मासे ओढ्याच्या तोंडाचे होते. पिंप नासलं, त्याच्या पुढच्या वसंतात तिथलाच एक आणवला होता. मागच्या दारी चिरला."

"मग माझा हात?"

"तुझा हात चांगला होता. माझ्याहून चांगला." म्हातारीनं धूसर डोळे पाण्याच्या दिशेनं वळवले. "पाण्याला नाव ठेवलं असतं, तर साऱ्या गावाच्या पिंपांना गिऱ्हाईक शिवलं नसतं. म्हणून तुझ्या हाताला ठेवलं."