तेजरामच्या रायफलचा ट्रिगर

"परवा ती भेटली होती," तेजराम म्हणाला आणि त्याने रायफल काउंटरवर ठेवली.

सेवकरामच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. 'ती' म्हणजे कोण, हे साकोलीत कुणाला विचारावं लागत नव्हतं. एकोडीच्या जंगलकडेला मोहफुलं वेचणाऱ्या सुमनबाईला महिन्यापूर्वी जिने नेलं, ती वाघीण. सुमनबाई तेजरामची बायको.

"किती जवळून?"

"मी मचाणावर होतो. ती खाली धानाच्या बांधीत. वीस पावलं असंल."

"अन् मंग?"

"मंग काय. ट्रिगर."

सेवकराम समजला. बंदूकदुरुस्तीच्या धंद्यात केस पांढरे झाले होते, अर्ध्या वाक्यावरून पूर्ण गोष्ट ओळखण्याची त्याला सवय होती आणि त्या सवयीचा थोडा तोराही होता. घराण्यात तीन पिढ्या हातमाग चालले, याला मात्र धाग्याऐवजी स्प्रिंगचं वेड लागलं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली, तरी दुकान टिकलं ते या बोटांच्या जोरावर.

त्याने रायफल उचलली. तेजरामने ती शहापूरच्या एका म्हाताऱ्या परवानाधारकाकडून घेतलेली, धानातली डुकरं हाकलायला. खालचा दांडा पुढे ढकलून मागे घेतला की काडतूस चढावं, अशी जुनी विलायती बनावट. पोलाद असं घोटलेलं की सेवकरामने नकळत धोतराला हात पुसले. मग रिकाम्या बंदुकीचा ट्रिगर ओढून पाहिला. ओढतच राहिला.

"बापरे! हा ट्रिगर आहे का बैलगाडीचा ब्रेक?"

"जड आहे," तेजराम म्हणाला. "पण मी काय म्हणतो..."

"काही म्हणू नका. सगळे हेच सांगतात. चार दिवसांनी या."

तेजराम जरा वेळ उभा राहिला. मग "जय भीम" म्हणून निघून गेला. मुळातच कमी बोलणारा माणूस. सुमनबाई गेल्यापासून तर तेवढंही उरलं नव्हतं.

काटा लावून पाहिला तर ट्रिगरला साडेतीन किलोचा जोर लागत होता. सेवकरामने रायफल खोलली आणि जेवायचं विसरला.

"काहून हलका करून राहिले त्याचा ट्रिगर?" त्याच्या बायकोने, कुसुमताईने, ताट समोर आपटलं. "तो डुकरासाठी नाही मांगत. वाघीण मारली तर जेलात जाईल. अन् तुमचं लायसन बी जाईल."

"बायको गेली त्याची, कुसुम."

"म्हणून तर सांगून राहिली मी!"

 बाई खरं बोलत होती. दोन दिवस त्याने कामाला हात लावला नाही. रायफल कपड्यात गुंडाळून पेटीत ठेवली, पेटीवर बसून गिऱ्हाइकं केली. पण डोळ्यांपुढून ती वीस पावलं हलेनात. जन्म जंगलाच्या शेजारी गेला आणि त्याने वाघ पाहिला तो कॅलेंडरवर. इथे एक माणूस वाघिणीसमोर बंदूक रोखून बसला होता, बायकोचं दुःख घेऊन, आणि एका दळभद्री स्प्रिंगने त्याला दगा दिला. तिसऱ्या दिवशी सकाळीच त्याने पेटी उघडली.

असं काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं आणि पुढे होणारही नव्हतं. नवी स्प्रिंग त्याने स्वतः वळवली. घासणाऱ्या जागा घोटून घोटून आरशासारख्या केल्या. शेवटी ट्रिगर असा झाला की बोट टेकवावं आणि मनात आणावं. सेवकरामने तो दहादा ओढून पाहिला. स्वतःच्याच हातांचं त्याला नवल वाटलं.

चौथ्या दिवशी तेजराम आला. कुसुमताई घर आणि दुकान यांच्यामधल्या दारात येऊन उभी राहिली.

"ओढून पाहा," सेवकराम म्हणाला. "रिकामी आहे."

तेजरामने बोट ठेवलं. खट्! त्याचा हात बंदुकीवरून असा उडाला, जणू चटका बसला. तो स्टुलावर बसला. 

"हे काय केलं जी तुमी?"

"काहून? जमला नाही?"

 तेजराम बोलू लागला; त्याला इतकं सलग बोलताना सेवकरामने कधी ऐकलं नव्हतं.

"काय जनावर आहे, भाऊ! सकाळचं ऊन तिच्या अंगावर पडलं होतं. सारी बांधी चूप. पाखरू बोलत नव्हतं. मी श्वास घ्यायचा विसरलो. मंग सुमन आठवली. नेम डोक्यावर धरला अन् ट्रिगर दाबला. येईच ना. पुरी ताकद लावली. अर्ध्यावर आला, तेवढ्यात तिच्या मांगून पिल्लू निघालं. मंग दुसरं. मांजरीएवढे. एकानं तिची शेपूट तोंडात धरली. ती मान वर करून मलेच पाहत होती. जागची हालली नाही."

"मंग?"

"माहं बोट सैल झालं. हात जोडावं वाटलं, भाऊ. जिनं सुमनले नेलं, तिले."

दारातून कुसुमताईने हळूच विचारलं, "राग गेला म्हणायचा तुमचा?"

"नाही जी. घरी गेलो, चूल पाह्यली, अन् राग पुन्हा आला. रोज येतो." तेजरामने रायफल दोन्ही हातांनी काउंटरवरून सेवकरामकडे सरकवली. "म्हणून तर त्या दिवशी सांगाले आलो होतो, तुमी बोलू देल्लं नाही. जड करून द्या, भाऊ. होता त्याच्याहून जड. माह्या एकट्याच्या बोटानं सुटू नये इतका."