काचीगुड्याचा लॉग

काचीगुड्याचा लॉग काही येईना.

बाकी तीन गोदामांचे आले होते. अफझलगंज, उस्मानगंज, मलकपेट, स्क्रीनवर एकाखाली एक शहाण्या पोरांसारखे बसले होते. काचीगुड्याच्या जागी नुसता चौकोन लुकलुकत होता. मोडेम घसा खाकरायचा आणि परत गप्प व्हायचा.

समोर गादीवर अप्पाराव बसलेले. बेगम बाजारातले मिरची-हळदीचे जुने ठोक व्यापारी. त्यांच्या चार गोदामांत प्रबुद्ध आणि त्रिवेणीनं नमुन्यादाखल चार कॉम्प्युटर बसवले होते. कुठल्या मशीननं कधी माल मोजायचा, कधी बिलं काढायची, हे त्रिवेणीचं सॉफ्टवेअर ठरवायचं. काम झालं, अडलं, बिघडलं, त्याची जी नोंद मशीन आपणहून ठेवतं, तो लॉग. आजपासून चारी लॉग फोनच्या तारेवरून इथं पेढीवर एका जागी जमा व्हायचे होते.

होते म्हणजे, व्हायला हवे होते. अप्पाराव त्यांचं पहिलंच गिऱ्हाईक. आज ते नाही म्हणाले तर जामबागेतली भाड्याची खोली सोडायची आणि त्रिवेणीनं वडिलांनी बघून ठेवलेल्या नोकरीवर रुजू व्हायचं, असं ठरलेलं होतं. प्रबुद्धला कुणी नोकरीही बघून ठेवली नव्हती. पंचेचाळिशीच्या माणसाला कोण बघतो.

अप्पाराव काही केल्या हो का म्हणत नव्हते, हेच प्रबुद्धला कळत नव्हतं. दर खेपेला तो जीव तोडून सांगायचा, "अप्पाराव, यात मागून कुणाला बोट घालता येत नाही. जे घडलं ते घडलं. चारी गोदामांचं सगळं एका नजरेत." आणि दर खेपेला अप्पाराव आणखीच बारीक सुपारी कातरायचे.

"दादा, इथली लाइन मोडेमनं धरलीय," त्रिवेणी हळूच म्हणाली. "मी बूथवरून काचीगुड्याच्या मुनीमजींना फोन लावून येते."

ती गेली. अप्पाराव चष्मा पुसायला लागले.

प्रबुद्धचे हात शिवशिवले. थापा मारण्यात हा माणूस साधासुधा नव्हता. शेजारच्या टायपिंग मास्तरांच्या पेजरवर 'सासूबाई घरी आल्या आहेत' असा निरोप धाडून त्यानं भरला वर्ग सोडून त्यांना पळवलं होतं. त्यानं मलकपेटचा लॉग उचलला, खाली चिकटवला, नाव बदलून काचीगुडा केलं. आकडे इकडचे तिकडे केले. मग जरा मान तिरकी करून बघितलं. फार गुळगुळीत दिसत होतं. त्यानं मधोमध एक ओळ घुसवली, बिलांचं काम अडलं, आणि तिच्याखाली दुसरी, पुन्हा चालवलं, जमलं. आता कसं, खऱ्याहून खरं वाटायला लागलं.

"आला बघा, अप्पाराव."

अप्पारावांनी चष्मा चढवला. स्क्रीनजवळ तोंड नेऊन एकेक ओळ वाचली. प्रबुद्ध मोठ्या आवाजात समजावत होता, "हे बघा, बिलांपाशी जरा अडलं होतं. पण आपलं सॉफ्टवेअर सोडतं काय? परत चालवलं त्यानं."

तेवढ्यात त्रिवेणी धापा टाकत पायऱ्या चढून आली. दारातूनच म्हणाली, "दादा, काचीगुड्याचं मशीन सकाळपासून बंदच आहे. मुनीमजी म्हणतात, हात पण लावला नाही कुणी."

मग तिनं स्क्रीन बघितला. मग प्रबुद्धला बघितलं. प्रबुद्धनं छताच्या पंख्याकडे बघितलं. पंखा काही मदतीला येईना.

"हौ, बंदच आहे," अप्पाराव शांतपणे म्हणाले. "मीच प्लग काढाया सांगितला. लॉग नाही आला तर तुम्ही लोक काय करता, ते बघायचं होतं मला."

त्रिवेणीनं गुपचूप पिशवीत फ्लॉप्या भरायला सुरुवात केली. तिचे कान लाल झाले होते. प्रबुद्ध मोडेमची तार गुंडाळायला लागला.

"थांब गे पोरी," अप्पाराव म्हणाले. "आणि तू सांग मियाँ, मधी ते काम अडलं अन् परत जमलं, ते कायकू घातलास?"

लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. "सगळंच ठीकठाक दिसलं की बघणाऱ्याला शंका येते, अप्पाराव. थोडं बिघडलेलं असलं की तो तेवढंच धरून बसतो. बाकीचं मग तपासत नाही."

अप्पारावांनी खिडकीतून खाली वाकून नोकराला हाक मारली आणि तीन चहा सांगितले. गेल्या कित्येक महिन्यांत या पेढीवर त्या दोघांना पाणीसुद्धा मागून प्यावं लागलं होतं.

"मी काय परेशान होतो माहिताय काय तुला?" ते आवाज खाली आणून म्हणाले. "विक्रीकरवाला येतो तर त्याला उस्मानगंजचं सापडलं तर मलकपेटचं सापडत नाही. फिरून फिरून दमतो, जेवतो, जातो. अन् तू येऊन मला दर बारीला सांगतोस, चारी गोदामांचं खरं खरं एका जागी आणून ठेवतो म्हणून. माझी तर झोप उडाली होती."

त्रिवेणीच्या हातातली फ्लॉपी हातातच राहिली. "मग मशीन नको तुम्हाला?"

"नक्को कसं? मला माझं खरं कळाया पाहिजे की," अप्पाराव म्हणाले, आणि चहाची बशी त्यांनी प्रबुद्धपुढे सरकवली. "दोन बसवा. आतल्या खोलीत एक, हिच्यासारखं. अन् इथं दर्शनी, विक्रीकरवाल्याला दाखवाया एक, तुझ्यासारखं."