ट्रेलरचा मालक

लढाई संपल्यावर लष्कराने टाकून दिलेल्या त्या ट्रेलरचे कागद दिगंबररावांकडे नव्हते. "तुमचाच कशावरून?" नोंदणी कचेरीतला बाबू खेकसला. "साक्षीदार आणा!" बजबज गावातलं कोणीच त्यांच्यासाठी यायला तयार होईना. शेजारची शकुन मात्र आपण होऊन आली. राग गिळून तिने बाबूला ठणकावून सांगितलं, "ट्रेलर यांचाच. रोज यांच्याच दारात उभा असतो." बाबूने शिक्का मारला.

बाहेर आल्यावर दिगंबरराव ओशाळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

"हाच ट्रेलर सुटून आमच्या ह्यांच्या अंगावरून गेला, तेव्हा ठाण्यातल्या दारोग्यासमोर तुम्ही म्हणालात, माझा नाहीच," शकुन म्हणाली. "आता मालक ठरलात. चला ठाण्यावर."