हवेचा झोत

पैठणी विणणाऱ्या कावेरीनं डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवली. उजवं बुबुळ पातळ होऊन पुढे आलं होतं. ते टणक करणाऱ्या शस्त्रक्रियेला सहा महिने झाले होते. गुण आला नसेल, तर माग सोडावा लागणार होता.

“डोळा मिटू नका, हवेचा झोत येईल,” तंत्रज्ञ म्हणाली. तरी दोनदा मिटला. तिसऱ्यांदा कावेरीनं श्वास रोखला.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ आलेख पाहिला. “बुबुळ झोतानं पूर्वीइतकं दबत नाही. टणक झालंय, गुण आलाय.”

लेकीला सांगायला कावेरी लगबगीनं बाहेर आली. बाकावर बसलेली दहा वर्षांची पोर दोन्ही मुठींनी डोळे चोळत होती. चोळूनच आपला आजार वाढला, हे कावेरीला ठाऊक होतं.

तिनं लेकीचे हात धरले आणि तिला आत नेलं.

“बाई, हिलाही बघता?”