फोटोचं निमित्त

"आई, थोडी डावीकडे. अजून. श्रीपादकाकांच्या शेजारी उभी राहा," कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता संहिता म्हणाली.

राजवाड्यावर सकाळचं ऊन आलं होतं. खालचे मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. एवढा डोलारा फोटोत घ्यायचा तर दाराशी माणसं हवीत, त्याशिवाय उंची कळत नाही, असं संहिताचं शास्त्र. नाशिकच्या कॉलेजात ती वास्तुकला शिकवायची आणि दर दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन एखादं जुनं गाव पालथं घालायची. यंदा इंदूर. पण शालिनीचं लक्ष ना दगडात होतं ना लाकडात. ते होतं समोर चहावाल्याशी गप्पा मारणाऱ्या शंतनूकडे.

आठ दिवसांपूर्वी इंदूरच्या वन्संचा फोन आला होता. प्रभाकरराव जाऊन नऊ वर्षं झाली, तरी इंदुमतीवन्संनी भावजयीशी नातं तुटू दिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, इंदुरातच एक स्थळ आहे. होळकरांच्या दफ्तरात कारभार केलेलं घराणं. श्रीपादराव कॉलेजातून निवृत्त झालेले, मुलगा शंतनू सॉफ्टवेअरमध्ये. घरात वडीलधारं बाईमाणूस नाही, बाकी माणसं सोन्यासारखी. बघण्याचा कार्यक्रम वाटायला नको, म्हणून फोटो काढता काढता भेटायचं. आणि संहिताकडे विषय काढायचा नाही. "पोरगी बिदकेल, वहिनी. पहले मिलो, फिर देखेंगे."

शालिनीने फोन ठेवला तो थेट देवासमोर जाऊन. संहिता एकतिशीची झाली होती. तिच्यासाठी शालिनीने अकरा गुरुवार बोलले होते आणि आजचा नववा होता. गुरू इतक्या लवकर ऐकेल, असं तिला वाटलं नव्हतं.

फक्त मुलगी हाती लागत नव्हती. काल शालिनीने मोठ्या युक्तीने तिच्यासाठी मोरपंखी साडी काढून ठेवली, तर आज ती जीन्स घालून आली. आणि ती साडी तिने आईलाच नेसवली, फोटोत रंग उठून दिसतो म्हणून.

गोपाळ मंदिरात शालिनीने पुन्हा प्रयत्न केला. कॅमेरा शंतनूकडे दे आणि तू त्या खांबापाशी जा, असं ती म्हणाली. संहिताने ऐकलं नाही. शंतनूचे हात हलतात म्हणे. मग पुन्हा शालिनी आणि श्रीपादराव खांबापाशी, आणि शंतनू त्यांच्यापुढे वाकून पिशव्या बाजूला करतोय. पोरगा कामाचा आहे, अशी नोंद शालिनीने मनात केली. गोपाळकृष्णासमोर तिने डोळे मिटले आणि एवढंच मागितलं, की हे घर माझ्या हातून निसटू देऊ नकोस. डोळे उघडले तर श्रीपादरावही हात जोडून उभे होते, ओठ हलत होते. भाविक आहेत, बरं झालं.

बाहेर पायऱ्यांवर वन्संनी द्रोण वाटले. बाकीच्यांना पोहे-जलेबी, शालिनीला साबुदाण्याची खिचडी. खिचडी श्रीपादरावांनी आठवणीने, वेगळी सांगून आणली होती. गुरुवार त्यांना कसा कळला? वन्संनी सांगितलं असणार. भावी विहीणबाईंची एवढी काळजी घेणारा माणूस सुनेला किती जपेल, या विचारानेच तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शंतनू तिच्याच बाजूला येऊन बसला. त्याने बरंच काही विचारून घेतलं. इंदूरची थंडी झेपेल ना, नाशिक सोडून करमेल ना, घरात रोजची पूजा असली तर आवडेल ना. आईच्या तोंडून मुलगी ओळखायची, ही जुनी रीत या पोराला बरी ठाऊक, असं तिला वाटलं. तिने प्रत्येक उत्तर तोलूनमापून दिलं. "नाशिक काय आणि इंदूर काय," ती म्हणाली, "माणसं आपली असली की बाईमाणूस कुठेही रमतं."

"बस, काकू, यही सुनना था," शंतनू म्हणाला आणि जलेबीचा तुकडा तोंडात टाकून बापाकडे पाहून हसला. श्रीपादराव एकदम पायऱ्यांची नक्षी बघू लागले.

शालिनीचा जीव हरखून गेला. पोराचा होकार तर झाला. आता बाप.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी पोचेपर्यंत तिने मनाचा हिय्या केला होता. नदीकाठी त्या दगडी स्मारकांच्या भिंतींवर कोरलेले घोडेस्वार, वादक, चवऱ्या ढाळणाऱ्या बाया. संहिता त्यांच्यात हरवून गेली. शंतनू तिच्या मागे कॅमेऱ्याची तिपाई धरून. वन्संना नेमका आत्ताच कुणाचा तरी फोन आला आणि त्या लांब जाऊन बोलू लागल्या. कठड्याशी शालिनी आणि श्रीपादराव दोघंच राहिले.

एवढं सगळं जुळून आल्यावर गप्प बसणं म्हणजे देवाने दिलेला प्रसाद नाकारणं. कुणीतरी पुढे व्हायला हवं होतं, आणि मुलीच्या आईने मान खाली घालायचे दिवस आता गेले होते.

तिने पदर खांद्यावरून घेतला.

"श्रीपादराव, आडपडदा ठेवत नाही. सकाळपासून तुम्ही सगळं पाहिलंत. आमच्या बाजूने पसंती आहे. तुमचं काय?"

श्रीपादरावांचा चेहरा असा उजळला, की शालिनीला वाटलं, साखर आत्ताच वाटून टाकावी.

"काय सांगू, शालिनीजी, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. इंदुमती म्हणाल्या होत्या, तुम्हाला हळूहळू सांगू, एकदम नको. आणि तुम्ही स्वतःच बोललात." त्यांनी पलीकडे कॅमेरा सरसावून उभ्या असलेल्या संहिताला हात केला. "तुमच्या लेकीने तर महिन्यापूर्वीच इथे येऊन माझी परीक्षा घेतली होती. शंतनूही तेव्हापासून मागे लागलाय, त्याची बायकोसुद्धा. म्हणतात, बाबा, आता या घरात आई आणा."